करुणाकडं बघ

(छत्रपती संभाजीनगर. दवाखान्यातला बाक. सुलेखा वैजापूरच्या तहसील कचेरीत कारकून आहे. धाकटी बहीण करुणा चिकलठाण्याला राहते. सहा वर्षांपूर्वी दोघींनी वजनासाठी पाठोपाठ जठराचं बायपास करून घेतलं होतं. सुलेखा आत्ताच डॉक्टरांना भेटून बाहेर आलीय.)

सुलेखा: मी सरळ म्हणलं, आतडं आणखी लांबून जोडा. त्यानंच वजन जास्त उतरतं ना.

करुणा: मग काय म्हणले?

सुलेखा: म्हणले, जठराचा जोड सैल पडलाय. तोंडातून दुर्बीण घालून टाके मारता येतात. नायतर दर आठवड्याला इंजेक्शन. आतडं लांबवलं तर जुलाब, अशक्तपणा, जन्मभर तपासण्या.

करुणा: मग टाकेच घे की, ताई.

सुलेखा: त्यानं धा-बारा किलो जातील. माझे सव्वीस आलेत परत.

करुणा: सगळेच घालवायचेत व्हय?

सुलेखा: तुझे नाय आले. परवा भाकरी वाढून घेतली, तर हे पोरांसमोर म्हणले, करुणाकडं बघ जरा. तशीच उठले ताटावरून.

करुणा: दाजींना काय कळतंय.

सुलेखा: त्यांचं सोड. मलाच तू नको वाटतीस. मामाच्या श्रेयाच्या साखरपुड्याला तू येणार कळलं, अन् मी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले.

करुणा: ताई, ते टाके मी घेतलेत. मागल्या वर्षी, इथंच.

सुलेखा: तू? कशाला?

करुणा: चौदा किलो वाढले होते. कुणाला कळू दिलं नाय.

सुलेखा: तवा मी फोन करून विचारलं, काय खातीस. तू म्हणलीस, दुधीचा रस.

करुणा: व्हय.

सुलेखा: वर्षभर दुधीचा रस पिले मी, करुणे.

करुणा: लहानपणी सगळे ड्रेस तुझे उतरलेले घातले. आता माझा एकबी तुला येत नव्हता. ते आवडायचं मला.

सुलेखा: अस्सं.

करुणा: बोल काय बोलायचं ते.

सुलेखा: टाके दुखतात का लई?

करुणा: दोन दिवस घसा धरतो. मग काही आठवडे नुसतं पातळ.

सुलेखा: चल आत. टाक्यांची तारीख घेऊ.

करुणा: मी पण येऊ?

सुलेखा: ये. अन् तुझं पुन्हा वाढलं तर सांगशील?

करुणा: सांगीन. खरंच.

सुलेखा: सांग. ऐकून मला बरं वाटंल.