दीड इंची पाइप

सून : मी काही टपालपेटी नाहीये. दोघं हाताच्या अंतरावर उभे आहात. काय ते एकमेकांना सांगा.

बाबा : मी तुलाच सांगतोय, सूनबाई. त्याला म्हणावं, नवा पंप लाव, पण वर जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह अर्धाच उघड.

मुलगा : त्यांना म्हणावं, अर्धाच उघडायचा होता तर जुना पंप काय वाईट होता?

सून : ऐकलंत ना? मी परत सांगत बसणार नाही.

मुलगा : सहाशे लिटरची टाकी आहे. माशांचं सगळं पाणी तासाला पाच वेळा खालच्या गाळणीच्या टाकीतून फिरायला हवं. म्हणजे तीन हजार लिटर. जुना पंप त्याच्या निम्मंच फिरवत होता, म्हणून तर गेल्या आठवड्यात ढोल्या मासा गेला. हे दोघं उरलेत, तेही बघ, सकाळपासून वर तोंड काढून हवा घेतायत.

बाबा : पंप वर कितीही फेकेल. खाली उतरायला वाट केवढी आहे, ते नको बघायला?

मुलगा : वाट दीड इंची आहे. त्यातून तीन हजार आरामात उतरतात. आणि तो पाइप मी नाही, त्यांनीच बसवलाय. आता स्वतःच्याच कामावर भरवसा नाही का?

सून : अरे, असं काय बोलतोस? बाबा, याने तुमचं काम जुनाट म्हटलं, ते तुम्हाला लागलं, आठ दिवस अबोला धरलात, सगळं समजू शकते मी. पण हे व्हॉल्व्हचं मधेच काय? काही असेल तर आत्ताच सांगा. मागच्या महिन्यात नळी सुटली तेव्हा खालच्या वहिनींचं छत ओलं झालं. मी त्यांना शब्द दिलाय, पुन्हा एक थेंब आला तर ही टाकी घरात राहणार नाही.

बाबा : काही नाही. अर्धा उघड, एवढंच.

मुलगा : मी पूर्ण उघडून लावतोय. तू फडकं घेऊन उभी राहा, म्हणजे यांचं समाधान होईल.

(पंप सुरू होतो.)

सून : काय छान फिरतंय पाणी. ते बघ, दोन्ही मासे खाली गेले.

मुलगा : बघ. उगाच घाबरवतात.

सून : पण पाणी चढतंय का रे? मघाशी काठापासून चार बोटं खाली होतं.

मुलगा : पाइपात हवा अडकली असेल. निघेल.

सून : आता तीनही नाहीत.

बाबा : सूनबाई, खालची गाळणीची टाकी बघ. रिकामी होत चाललीय. जेवढं वर जातंय तेवढं उतरत नाहीये.

मुलगा : एक मिनिट थांबा. हवा निघाली की...

सून : दोन बोटं. अरे, दोनच बोटं राहिली.

बाबा : बंद कर. हवा नाहीये ती. अरे, तुला सांगतोय मी, बंद कर.

मुलगा : केला. केला बंद.

सून : जेमतेम एक बोट राहिलं होतं.

मुलगा : आत काहीतरी अडकलंय. शेवाळ, गोगलगाय, काहीतरी. काचेजवळचा जोड खोलून बघतो. तो पाना दे इकडे.

बाबा : तो जोड खोलू नकोस.

मुलगा : का?

बाबा : खोलू नकोस म्हणून सांगितलं ना.

मुलगा : मग आत काय आहे ते तुम्ही सांगा.

सून : बाबा, आधी बसा इथे खुर्चीवर. चेहरा उतरलाय तुमचा.

बाबा : अडकलेलं काही नाही. पाइप दीड इंची आहे, काचेतलं भोक इंचाचं आहे. वर मोठी कॉलर बसवलीय, म्हणून दिसत नाही.

मुलगा : इंचाचं? मला तुम्ही दीडचं सांगितलं होतंत.

बाबा : दीडचंच पाडत होतो. तुम्ही दोघं बाहेरगावी होतात. हात हलला आणि काच तडकली. काचवाल्याला बोलावून दुसरी बसवून घेतली. दुसऱ्या खेपेला मोठं पातं लावायची छाती झाली नाही. छोटं लावलं, दोन्ही हातांनी धरून.

मुलगा : जुना पंपसुद्धा तुम्हीच निवडला होतात. एवढा पुरे म्हणून.

बाबा : भोक बघून निवडला.

मुलगा : आणि वर्षभर मी त्या दुकानदाराला शिव्या घालत होतो, तुझा पंप फुसका म्हणून. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात.

बाबा : हो. ढोल्या माझ्यामुळे गेला. मला ठाऊक आहे.

सून : हात कधीपासून हलतोय?

बाबा : झालं की दीडेक वर्ष.

सून : म्हणून हल्ली चहा अर्धाच कप मागता. मला वाटलं, माझ्या हातचा आवडत नाही.

मुलगा : मला का नाही सांगितलंत?

बाबा : काय सांगू? चाळीस वर्षं लोकांच्या घरी नळ जोडले आणि पोराच्या घरी एक भोक पाडता आलं नाही? तू तर येईल त्याला टाकी दाखवून सांगत होतास, आमच्या बाबांनी केलंय सगळं. मग माझं तोंडच उघडेना.

मुलगा : राग येतोय मला, बाबा. खूप येतोय.

बाबा : येऊ दे.

सून : रागाचं नंतर बघा. मासे पुन्हा वर आलेत. आत्ता काय करायचं ते बोला.

बाबा : पंप लाव. व्हॉल्व्ह हळूहळू उघडत ने. पाणी चार बोटांवर स्थिर राहिलं की तिथेच सोड. हवेची छोटी मोटर आहे ना, तीही लाव जोडीला. आजचं भागेल. उद्या पाणी निम्म्यावर आणायचं, मासे टबात, आणि शेजारी दुसरं भोक, दुसरा पाइप. बॅटरीवरचं ड्रिल आण कुणाकडून तरी.

मुलगा : भोक मी पाडतो. तुम्ही बसून सांगा फक्त.

बाबा : काचेत ड्रिल चालवलंयस कधी?

मुलगा : नाही.

बाबा : मग नुसतं सांगून भागायचं नाही. जोर द्यायचा नाही आणि काच तापू द्यायची नाही. कुणीतरी सारखं पाणी ओतत राहावं लागतं तिथे.

सून : मी ओतेन.

बाबा : तू टब सांभाळ. पाणी मी ओततो. त्याला हात हलला तरी चालतं.