चादरीबाहेरचा पाय

झोपेत एस्तेरच्या नवऱ्याचा श्वास अडकायचा. त्याच्यासाठी मशीन न्यायला ती फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या दवाखान्यात बसली होती. शेजारी एक म्हातारं जोडपं तसल्याच मशीनवरून भांडत होतं.

"अहो, परत करून टाका हे."

"का गं? मास्क लावला की श्वास अडकत नाही, घोरणं नाही."

"तेच तर! आवाजच नाही, तर तुम्ही आहात की गेलात, मला कळायचं कसं?"

"म्हणून अजून अंगठा ओढतेस होय?"

"आईनं शिकवलंय. बांगुंगोत, म्हणजे ते जीवघेणं वाईट स्वप्न, छातीवर बसलं की पायाचा अंगठा ओढायचा, झोपेतच जाणारा माणूस परत येतो. पण मशीन आल्यापासून मी कुठं ओढते?"

"रोज ओढतेस. हळूच."

"जागे असता? मग बोलत का नाही?"

"बोललो असतो तर सोडून दिलं असतंस."

"काहीतरीच."

"मग एवढ्या डासांत मी पाय चादरीबाहेर कशाला ठेवतो?"

"मला वाटलं, उकडतंय. म्हणून पंखा तुमच्याकडे फिरवत होते."

"तरीच पाय गारठतो!"

नर्सनं एस्तेरचं नाव पुकारलं. ती उठली, दोन पावलं गेली आणि परत म्हातारीकडे वळली.

"नांग, कुठल्या पायाचा अंगठा?"

"डाव्या," दोघंही एकदम म्हणाली.