पिवळी रेघ

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणबाई थेंब घालून, पापण्या मिटून बसल्या होत्या. मागच्या बाकावर गोल्फ शिकवणारे एक मास्तर आणि त्यांची मुलगी बोलत होती.

“बाबा, तुमच्या ड्रायव्हर काठीच्या डोक्यावरची पिवळी रेघ मी आणखी जाड करते. चेंडूवरचीसुद्धा.”

“नको.”

“त्या दोन्ही रेघा जुळल्या की नेम लागतोच. तुम्हीच शिकवता ना सगळ्यांना?”

“परवा मी मारलेले चेंडू कुठे गेले?”

“सरळ. सांगितलं की तेव्हाच.”

“मग शिकायला आलेले सगळे एवढे गप्प का होते? खरं सांग, बाळा.”

“झाडीत गेले. सगळेच्या सगळे.”

“तरीच माझ्या कपाटाची किल्ली मागितली क्लबवाल्यांनी. नवीन मास्तर येणार असतील.”

“आपण रंग बदलून बघू. लाल लावू, चांगला भडक.”

“रेघ मला दिसतच नाही गं. जिथे बघायला जावं, तेवढंच पुसलं जातं.”

“कधीपासून?”

“तू पहिल्यांदा रंगवलीस, त्याच्याही आधीपासून.”

“मग मला रंगवू का दिलीत?”

“इतकं मन लावून करत होतीस. नको म्हणवेना.”

नर्सने मास्तरांचा नंबर पुकारला. मागे कोणी उठल्याचा आवाज आला नाही.

“आत डॉक्टरांना काय सांगायचं, बाबा?”

“आहे ते सांगायचं. तुझा चेहराही आता नुसता कडेकडेने दिसतो.”

शिंपीणबाईंची डोळे उघडायची वेळ केव्हाच झाली होती. त्यांनी ते उघडले नाहीत.