डावा फाटा

नवरा: …आणि तुला कुणी काही विचारलंच, तर रडायला लाग. तेवढंच कर. बाकीचं मी बघतो.

बायको: रडायला लाग म्हणजे? मी काय नाटकात काम करतेय?

नवरा: तसं नाही गं. हिला धक्का बसलाय, तोंडातून शब्द फुटत नाहीये, असं मी खाली सांगून आलोय. आणि खिडकीतून सारखं बघणं बंद कर. पडदा ओढ.

बायको: पडदा ओढला तर जीव गुदमरेल या उकाड्यात. सगळ्या होड्या उजवीकडेच गेल्यात.

नवरा: माहीत आहे.

बायको: तू सांगितलंस म्हणून गेल्यात. आपण गेलो होतो डावीकडून.

नवरा: हळू बोल. भिंती फळ्यांच्या आहेत.

बायको: आपला गाइड नदीच्या डाव्या फाट्यात आहे आणि अख्खी वस्ती त्याला उजव्या फाट्यात शोधतेय. हळू बोललं की हे खोटं होणार आहे का?

नवरा: तो गेला गं. मान्य कर ना एकदाचं.

बायको: कुणी पाहिलं जाताना? आपण निघालो तेव्हा तो झाडाला धरून होता. मी पाहिलं. तूही पाहिलंस.

नवरा: तेव्हा होता! नंतर नदी कशी फुगली ते जंगलातून येताना ऐकू येत नव्हतं तुला? अंगावरच्या जळवा उपटत, रस्ता चुकत इथे पोचेपर्यंत दुपार झाली. त्या पाण्यात हत्ती टिकला नसता.

बायको: मग खरं सांगायला काय हरकत आहे? गेलाच असेल तर डावीकडे शोधू देत.

नवरा: अगं, सकाळी लॉजच्या मालकानं सगळ्यांसमोर बजावलं होतं. वरच्या डोंगरात पाऊस झालाय, डावा फाटा बंद, कुणी तिकडे फिरकायचं नाही. आता आपण डावीकडे गेलो होतो म्हटलं, की पहिला प्रश्न काय येईल? कुणाच्या सांगण्यावरून? पासपोर्ट काढून घेतील. परक्या देशात पोलीस, वकील, चकरा. तिकडे तुझी आई एकटी पिल्लूला सांभाळतेय…

बायको: पिल्लूला यात ओढू नकोस.

नवरा: ओढत नाही. आहे ते सांगतोय.

बायको: आणि कुणाच्या सांगण्यावरून, याचं उत्तर काय आहे रे?

नवरा: तो काय कुक्कुलं बाळ होता? वल्हं त्याच्या हातात होतं. नाही म्हणायचं होतं त्यानं.

बायको: म्हणाला होता. मग तू त्याला चिडवायला लागलास. 'काय राव, तुमच्या नदीपेक्षा आमच्या सोसायटीच्या टाकीत जास्त लाटा येतात.'

नवरा: गंमत केली! तोसुद्धा खो खो हसला.

बायको: हसला. आणि मग हसायचा थांबून माझ्याकडे वळला. 'ताई, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू.'

नवरा: आणि तू 'चला' म्हणालीस. मी कानांनी ऐकलंय.

बायको: म्हणाले.

नवरा: मग झालं तर!

बायको: यंदा तुझं वर्ष होतं.

नवरा: हे काय काढलंस आता मध्येच?

बायको: आपला नियम. एक वर्ष सुट्टी तू ठरवायची, एक वर्ष मी. ज्याचं वर्ष नाही त्यानं नको म्हणायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. दर सुट्टीत भांडतो म्हणून केला, आणि मग नातेवाइकांत मिरवला. गेल्या वर्षी माझी पाळी होती. तू माझ्या मागे म्युझियममधून जांभया गिळत फिरलास, पण एका शब्दानं कुरकुरला नाहीस. त्या पाण्याकडे बघून मी होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. तरी मनात आलं, हा एवढं निभावून नेतो, मग मी कशी नको म्हणू? म्हणून 'चला' म्हणाले. वर हसलेसुद्धा.

नवरा: भीती वाटत होती तर बोलायचंस! मी काय तुला खाल्लं असतं? आता सगळं माझ्या डोक्यावर फोडू नकोस.

बायको: तुझ्या डोक्यावर कुठे फोडतेय? त्यानं मला विचारलं होतं. तुला नाही.

नवरा: हे बघ, इकडे बघ माझ्याकडे. आपण वाईट माणसं नाही आहोत. वाईट झालं, ते आपल्या हातून झालं नाही. दोन दिवस तोंड बंद ठेव, घरी जाऊ, मग आयुष्यभर रडत बस माझ्यापाशी. मी काही… कोण आहे?

बहीण: मी. खालची, स्वयंपाकघरातली.

नवरा: त्याची बहीण. डोळ्याला रुमाल लाव. लाव ना!

(दार उघडतं. गाइडची मोठी बहीण कपड्यांची घडी घेऊन उंबऱ्यातच उभी राहते.)

बहीण: कोरडे कपडे आणलेत बाईंना. तुमची बॅग होडीबरोबर गेली म्हणे. माझेच आहेत, ढगळ होतील.

बायको: तुम्ही कशाला… अशा वेळी…

बहीण: नुसतं बसवत नाही. हात रिकामे राहिले की डोकं फिरतं.

नवरा: बाई, काय बोलावं तेच सुचत नाही. हिची तर वाचाच…

बहीण: असू द्या साहेब. मी भांडायला नाही आले, एक विचारायला आले. मालक खाली सगळ्यांना सांगतोय, माझ्या धाकट्यानं नको तो शहाणपणा केला, पाहुण्यांना न विचारता होडी पुढे घातली. खरं आहे का ते?

नवरा: आता… गेलेल्या माणसाबद्दल कशाला… पण हो, त्याच्याच मनानं झालं सगळं. आम्हाला काय कळतं नदीतलं?

बहीण: विचारलं नाही त्यानं?

नवरा: नाही.

बहीण: बाईंनाही नाही?

नवरा: कुणालाच नाही हो.

बहीण: नवलच आहे. जो जास्त घाबरलेला दिसेल त्याला विचारल्याशिवाय तो काठ सोडत नाही. बापाची सवय, ती याला लागली. घाबरलेला नको म्हणाला की मुकाट्यानं परत फिरायचं. लहानपणी शाळेला होडीतून जायचो, तेव्हा परीक्षेच्या दिवशी हाच घाबरल्याचं सोंग करायचा. बापाला कळायचं, तरी बाप परत फिरवायचा.

नवरा: हं.

बहीण: आणि उजव्या फाट्यात घाबरण्यासारखं आहे काय? आम्ही तिथे धुणी धुतो. पाणी वाढलं तरी तिथे पसरतं, ओढत नाही. होड्या पार खालपर्यंत जाऊन आल्या, साधं वल्हंसुद्धा मिळालं नाही. माझा धाकटा तिथे बुडला कसा, एवढंच मला सांगा.

नवरा: बाई, अपघात काय विचारून होतो? एखादी लाट…

बायको: विचारलं होतं.

नवरा: अगं…

बायको: मला विचारलं होतं त्यानं. मी घाबरलेली त्याला दिसत होते, म्हणून मलाच विचारलं. आणि मी 'चला' म्हणाले.

नवरा: ती शुद्धीवर नाहीये. सकाळपासून असंच काहीबाही…

बायको: आम्ही उजवीकडे गेलोच नाही. डाव्या फाट्यात गेलो.

बहीण: बंद होता तो.

बायको: माहीत होतं.

बहीण: आणि दुपारपासून तीस माणसं उजवीकडे…

नवरा: ऐका, ऐका माझं. मला वाटलं तो गेलाच आहे. शपथ घेऊन सांगतो. मग कुठेही शोधलं तरी काय… आमची मुलगी आहे घरी, लहान आहे हो…

बहीण: साहेब, गप्प बसा जरा. ताई, त्याला बुडताना पाहिलंत?

बायको: नाही. होडी उलटली तेव्हा त्यानं आम्हा दोघांना काठाकडे ढकललं. त्यात तो स्वतः ओढला गेला. पुढे पाण्यात झाड आडवं पडलंय, मुळं वर आलेली, शेजारी चिरलेला काळा खडक. त्या झाडाला धरलं त्यानं.

बहीण: कळली जागा. पाणी कुठवर होतं?

बायको: छातीपर्यंत. आमचा हात पोचत नव्हता. दोर होडीबरोबर गेला होता.

बहीण: शुद्धीत होता?

बायको: ओरडून वाट सांगत होता आम्हाला. ओढा सोडू नका म्हणाला, ओढ्याच्या कडेनं चला.

बहीण: मग? निघताना तुम्ही काय म्हणालात त्याला?

बायको: मी काही नाही. हे ओरडले.

बहीण: काय ओरडलात साहेब?

नवरा: त्या गडबडीत काय ओरडलो, ते आता…

बहीण: उजेड जायला लागलाय. बोला.

नवरा: धरून ठेव म्हणालो. सोडू नकोस. आम्ही माणसं घेऊन येतो.

बहीण: त्याला ऐकू गेलं?

नवरा: हो. मान हलवली त्यानं.

बहीण: मग तो वाट बघत असेल.