पहाऱ्याचं नातं

(पेडगाव. दुपार. ओट्यावर सुमनबाई तूर पाखडतेय. तिचा मोठा मुलगा गोपाळ खांबाला टेकून मोबाइलवर. धाकटी रुपाली उंबऱ्यात उभी.)

रुपाली : तो परभणीचा सर लबाड हाय. माणसं जुळवतो म्हणतो आन् माणसं खपवतो. त्याच्या तोंडावर म्हणंन मी हे.

सुमनबाई : हळू बोल. बायनाबाईचा कान आपल्याच भिंतीला असतोय.

रुपाली : असू दे. आई, त्यानंच सांगितलं ना, माणसाचे सोळा प्रकार असतात आन् कोणता प्रकार कोणाशी कसा वागंल ते आधीच कळतंय? चौघांनी मोबाइलवर त्याच्या सवालांची उत्तरं दिली. दादाचं न् अर्पिताचं पूरक निघालं. माझं न् तिच्या भावाचं, महारुद्रचं, काय निघालं?

सुमनबाई : ते कशाला काढायलीस आता.

रुपाली : पहारा. पहाऱ्याचं नातं. एक सदा बघणार, दुसऱ्याचं सदा चुकणार. त्याचेच शब्द. मग त्याच दोघांचं आता पूरक कसं झालं? महारुद्र बदलला का मी?

गोपाळ : शास्त्र आहे ते, रुपे. माणूस चिडलेला असला की उत्तरं वाकडी जातात. सर म्हणाले, शांत डोक्यानं पुन्हा द्यायला लावा.

रुपाली : जोशीबुवा निदान ग्रहाची शांत करायला सांगतात. ह्यानं ग्रहच बदलून दिला.

सुमनबाई : हे बघ माय, साटंलोटं हाय हे. तू वालूरला त्यांच्यात, त्यांची अर्पिता आपल्यात. एक मोडलं की दुसरं मोडतंय. पहिल्या निकालानं तेबी बिचकले होते. आता मोकळं झालं, उद्या कुंकू लावायला यायलेत, आन् तू उकरत बसलीस.

रुपाली : बघायला आले तवा आमाला बोलायला म्हणून मागच्या दारी धाडलं. त्यानं माझा फोन मागितला. कुलूप काढ म्हणला. न्हाई काढलं, तर हसला. म्हणला, बरं, लग्न झाल्यावर बघू. त्याच सांजेला तुला सांगितलं मी. काय म्हणालीस?

सुमनबाई : फिकीर करणारा गडी हाय म्हणले. वाईट काय म्हणले?

रुपाली : मी सांगितलं तर फिकीर. तेच सरच्या मशीननं सांगितलं तर तुला रातचं जेवण गेलं न्हाई. मशीनची जबान खरी, पोटच्या पोरीची न्हाई.

गोपाळ : झालं ना आता सगळं नीट? मग?

रुपाली : सकाळी मी सरला फोन लावला. निकाल का फिरवला, विचारलं. म्हणला, मी कशाला फिरवू ताई, आयतवारी तुमीच पुन्हा उत्तरं दिली मोबाइलवरून. दादा, आयतवारी मी सोनपेठला मावशीकडं होते.

गोपाळ : नेटचं काही सांगता येत नाही. तारखेचा घोळ असेल.

रुपाली : नंबर वाचून दाखवला त्यानं. तुझा हाय.

सुमनबाई : गोपाळ, सांगून टाक.

गोपाळ : दिली मी. पण खोटं एक लिहिलं नाही. कडेवर घेऊन फिरलोय तुला. तू कशी आहेस ते मला माहीत नाही? जिथं अडलं तिथं आईला विचारलं.

रुपाली : आई, तूबी?

सुमनबाई : तो वाचायला, मी सांगायले. माणसांत जीव रमतो का, म्हणलं रमतो. दुसऱ्याचं मन मोडवतं का, म्हणलं मुळीच न्हाई. चांगलंच सांगितलं गं तुझं. शेजारणीपुढं सांगते तसंच.

रुपाली : आन् त्या सरला दिसत होतं, नंबर पोरीचा न्हाई. तरी घेतलं. आत कोण बसलंय त्याच्याशी त्याला घेणं न्हाई. सोळा खण हायत, कोणत्या तरी खणात पोरगी घातली की झालं.

गोपाळ : तुझं मोडलं तर तिचे वडील दत्तराव अर्पिताला देणार नाहीत. तोंडावर सांगितलंय त्यांनी. मला तिच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही, रुपे.

रुपाली : हे खरं बोललास. हेच माझ्यापुढं येऊन बोलला असतास तर मी आयकलं तरी असतं. माझ्या जागी बसून, माझ्या नावानं कशाला बोललास?

गोपाळ : चुकलं.

रुपाली : त्यात एक सवाल होता. राग आला की तुम्ही काय करता. मी लिहिलं होतं ते माझ्या ध्यानात हाय. तू काय लिहिलंस?

गोपाळ : गप्प बसते, असं.

सुमनबाई : मीच सांगितलं. बसतीसच की, ल्हानपणापासून. शांत पोरगी म्हणून तर सगळे नाव घेतात.

रुपाली : मीबी तेच लिहिलं होतं.

गोपाळ : मग? बरोबरच लिहिलं की मी.

रुपाली : बरोबर लिहिलंस. म्हंजे ठाऊक होतं तुमाला. मग उद्याचं बोला. उद्या मला पाटावर बसवतील, वालूरच्या बाया कुंकू लावतील, आन् मी एक शब्द बोलणार न्हाई. त्याला राग म्हणायचं का होकार? दादा, खाली नको बघू. सांग.