मोठ्या शब्बाथची उजळणी

मुलुंडच्या फोटो स्टुडिओत शकु आपल्या फोटोंची वाट बघत बसली होती. तिच्याच बाकावर दोन म्हाताऱ्या ज्यू भावंडांची छान जुंपली होती.

"दादा, पेसाहचा सण आला बघ. परवा सणाआधीचा शनिवार, मोठा शब्बाथ. दुपारी आपले पूर्वज मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्याची गोष्ट एकदा वाचून ठेवायची. सणाच्या रात्री अडखळायला नको."

"वाच की मग, सिपू."

"मी का? मी शेंडेफळ. त्या रात्री धाकट्यानं फक्त प्रश्न विचारायचे, उत्तरं तू द्यायचीस. जन्मभर तसंच चाललंय."

"ह्या वर्षी उत्तरंपण तूच म्हण. मला अक्षर दिसत नाही गं."

"मोतीबिंदू काढून घे म्हणून किती डोकं फोडलं तुझ्यापुढे!"

तेवढ्यात काउंटरवरून हाक आली, "पेणकर काका, इस्रायलच्या व्हिसाचे फोटो झाले!"

म्हातारीनं झटकन भावाकडे पाहिलं.

"व्हिसा? दादा, तू तर पेन्शनसाठी फोटो म्हणालास!"

"सुनेनं तिकीटच पाठवलं गं. सोमवारचं."

"सोमवारी? अरे, बुधवारी सण! मी प्रश्न विचारू कोणाला?"

"घरात एकटंच माणूस असलं तर आपलं आपणच विचारायचं, सिपू. उत्तरही आपणच द्यायचं. जुन्या लोकांनी तसंच सांगून ठेवलंय."

"म्हणून ह्या वर्षी उत्तरंपण मलाच म्हणायला लावत होतास! म्हणजे तुला सगळं नीट दिसतंय तर."