आईचा बॅकअप नागप्पाच्या नावावर

हॅलो?… हाव, उज्वलाच बोलून राहिले. भाऊबीज तर लांब हाय रामकिशन, बहिणीला फोन कसा काय?…

काय मारलास?… आईचा फोन फॉरमॅट मारलास?… तुझ्या पोरीच्या, तनुजाच्या शाळेसाठी. वा. आईला जाऊन चार महिने न्हाई झाले, फोन बी धुऊन पुसून मोकळा.

बॅकअप घेतला होतास?… ‘असंल’? म्हणजे न्हाई…

हाव, हाव… अरे ऐक ना. तिला लिहिता येत नव्हतं, मी फोन उचलला न्हाई की मला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायची. ते सगळं त्यातच होतं… माझ्याकडचं? माझ्याकडचं मी पुसलं. मेमरी भरली म्हणून… हाव, न ऐकताच. झालं समाधान?…

आता कुठं हायस?… नागप्पाच्या मोबाईलच्या दुकानात. मग त्याला म्हणावं, परत आण… ‘बॅकअप सापडत न्हाई’? ईमेल कोणता टाकलास?… तुझा. फोन आईचा, ईमेल तुझा. लई हुशार.

मग आईचा कोणता होता?… काय?… नागप्पानं सोताचाच टाकून दिला होता?… सगळ्याच गिऱ्हाइकांना टाकतो? म्हणजे अर्ध्या मुदखेडचा बॅकअप नागप्पाच्या नावावर. देवमाणूस हाय. विचार त्याला, पासवर्ड तरी याद हाय का…

हाय? मग तो ईमेल टाक, अन् नंबर आईचाच… सिम चालू हाय?… तू रिचार्ज मारत होतास? चार महिने?… बंद करायचं मन झालं न्हाई…

बरं. एक तरी काम धड केलंस.

ओटीपी आला? मग मला काहून सांगून राहिलास, तिथं टाक…

सापडला?… किती टक्के?… थांब, कुणाचे फोटो?… उमरीच्या कुण्या नवरदेवाचे? राहू दे त्याला मंडपात. नागप्पाकडं कुणाकुणाची लग्नं हायत ते मग बघू. तू आधी व्हॉट्सॲप उघड…

माझं नाव हाय?… आवाजाचे मेसेज?… किती?…

एवढे?…

न्हाई, न्हाई, काई न्हाई झालं मला. शेवटचा लाव. तो फोन या फोनजवळ धर. अन् नागप्पाला म्हणावं, घडीभर गाणं बंद कर…

…

परत लाव.

…

उचलला गं आई. हे बघ, उचलला फोन.